स्थगिती म्हणजे रद्दबातल नव्हे

‘कोर्टाने स्थगिती दिली म्हणजे निर्णय रद्दच झाला, अपील दाखल केले की स्थगिती मिळतेच, सहा महिन्यांत निकाल लागला नाही तर ती आपोआप उठते, आणि स्थगिती काय, तहकुबी काय, सगळे एकच’ अशा आशयाचा मजकूर जमिनीचे आणि सोसायट्यांचे वाद निघाले की हमखास फिरतो.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण ‘स्टे आणला’ म्हणजे आपण जिंकलो, असे समजून माणसे मूळ दाव्याकडे दुर्लक्ष करतात. श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्येच हा भेद स्पष्ट केला आहे: आदेश रद्द झाला तर तो निघण्यापूर्वीची स्थिती परत येते, स्थगितीने मात्र तो आदेश पुसला जात नाही, केवळ स्थगितीच्या तारखेपासून त्याचा अंमल थांबतो. मराठा आरक्षणाच्या 2018 च्या कायद्याचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 9 सप्टेंबर 2020 रोजी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, तेव्हा वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांना त्याआधी झालेले प्रवेश बदलू नयेत, असेही त्याच आदेशात सांगितले. आरक्षणाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या त्या 5 मे 2021 च्या निकालाने. तीन कृषी कायद्यांनाही 12 जानेवारी 2021 रोजी स्थगिती मिळाली होती. स्थगिती म्हणजे रद्द असते, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेण्यासाठी संसदेला वेगळे विधेयक संमत करण्याचे कारणच उरले नसते.

अपिलाबाबतचे विधान तर कायद्याच्या नेमके उलट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 5 प्रमाणे नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तोही विनाविलंब; स्थगिती न मिळाल्यास भरीव नुकसान होईल, हे न्यायालयाला पटवावे लागते आणि तारणही द्यावे लागते.

सहा महिन्यांची गोष्ट मात्र हवेतली नाही. तसा निकाल 2018 मध्ये खरोखरच झाला होता आणि त्याच्या जोरावर अनेकांनी स्थगिती संपल्याचे दावेही केले; परंतु पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी तो फिरवला. केवळ मुदत उलटली म्हणून उच्च न्यायालयाची स्थगिती आता आपोआप उठत नाही.

राहिली तहकुबी. स्थगितीने आदेशाचा अंमल थांबतो. तहकुबीने कामकाज पुढे ढकलले जाते. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व त्या सभेला गणसंख्येचे बंधन राहणार नाही’ हे वाक्य सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत बहुतेकांनी वाचलेले असते. तहकूब म्हणजे बंद, असे समजून जो सभासद घरी जातो, त्याच्या पश्चात त्याच संध्याकाळी ठराव संमत होतात आणि ते त्याच्यावरही बंधनकारक असतात.