चालणं वाचतं, वाटणी वाढते

गेल्या काही महिन्यांत हा मजकूर मला निदान चार ग्रुपांवरून आला. काजूवाल्यांच्या, महिला उद्योजकांच्या, माहेरच्या आणि एकदा चक्क भजनी मंडळाच्या. कुणी लिहिलाय ते कळायला मार्ग नाही, पण सूर ठाम आहे: "ऑनलाइन ऑर्डरी एकेक करून काढणं हा अडाणीपणा. बॅच पिकिंग लावा, काम निम्म्यावर येतं. बॅच जितकी मोठी तितका फायदा. चुका आपोआप कमी होतात. अपवाद न करता सगळ्या ऑर्डरी बॅचमध्येच घ्या. मांडणी बदलायची गरज नाही, सॉफ्टवेअर सगळं बघतं. एका दिवसात सुरू." खाली हात जोडलेले आणि एक रॉकेट. बॅच पिकिंग म्हणजे बऱ्याच ऑर्डरींचा माल गोदामातल्या एकाच चकरेत उचलायचा.

कुडाळजवळ आमचं छोटं गोदाम आहे. कोकम, काजू, आंबापोळी-फणसपोळी, पिठं, मालवणी मसाला आणि एका बाजूला सुकी मासळी. खोकी मुख्यतः मुंबई-पुण्याकडे जातात. हा मजकूर वाचूनच मी ऑर्डरी एकत्र काढायला घेतल्या, तोंडघशी पडले, आणि मग सगळं पुन्हा बसवलं. आजही आम्ही ऑर्डरी एकत्र काढतोच, त्यामुळे पद्धतीशी माझं भांडण नाही. भांडण या मजकुराशी आहे.

आधी शब्दाचाच घोळ. खाण्याच्या धंद्यात 'बॅच' म्हणजे पाकिटावरचा क्रमांक, कुठल्या दिवशीच्या घाण्यातला माल ते सांगणारा. पहिल्या दिवशी मी "आजपासून बॅच लावायची" म्हटलं, तर आमच्या ताई कुळथाच्या पिठाची पाकिटं बॅच नंबराप्रमाणे वेगळी करत बसल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही 'फेरी' म्हणतो. एकदम काढायच्या ऑर्डरींची एक फेरी. इथून पुढे मीही तोच शब्द वापरते.

"काम निम्म्यावर येतं." कुठलं काम? गोदामांवरच्या पाठ्यपुस्तकांत एक अंदाज नेहमी दिलेला असतो की ऑर्डर काढणाऱ्याचा साधारण निम्मा वेळ चालण्यात जातो. मजकुरातलं 'निम्मं' बहुधा तिथूनच आलंय. पण उरलेला निम्मा वेळ वस्तू शोधण्यात, उचलण्यात आणि यादी बघण्यात जातो, आणि तो फेरी लावून फारसा हलत नाही. शिवाय फेरीमुळे एक नवीनच काम जन्माला येतं. एकत्र आणलेला माल पुन्हा ज्याचा त्याला वेगळा करायचा. आम्ही त्याला वाटणी म्हणतो. कोकणात वाटणी म्हटली की माणूस आधी सातबारा काढतो आणि मग वकील गाठतो. टेबलावरची वाटणी इतकी चिघळत नाही, पण वेळ खाण्यात तीही कमी नाही.

कागदावर हिशेब करून बघा. आमच्यासारख्या गोदामात एका ऑर्डरीसाठी ६० मीटर चालावं लागतं असं धरा. १२ ऑर्डरी म्हणजे ७२० मीटर. गाडी ढकलत माणूस सेकंदाला मीटरभर जातो, म्हणजे १२ मिनिटं. बाराही एकत्र काढल्या तर फेरी जरा लांबेल, ९० मीटर, दीड मिनिट. वाचली साडेदहा मिनिटं. झकास. आता टेबलाशी या. प्रत्येक ऑर्डरीत ४ नग, एकूण ४८ नग एका ढिगात. एकेक उचलायचा, कुणाचा ते यादीत बघायचं, त्याच्या खोक्यात टाकायचा. नगाला १२ सेकंद धरले तरी ५७६ सेकंद, साडेनऊ मिनिटांच्या वर. एवढा आटापिटा करून शेवटी पदरात पडलं ते मिनिटभर, आणि मधेच कुणाचा फोन आला तर तेही गेलं.

तोच हिशेब भिवंडीच्या एखाद्या मोठ्या गोदामासाठी मांडा, जिथे एका ऑर्डरीला ४०० मीटर चालणं आहे. एकेक करून ४८०० मीटर, ८० मिनिटं. एकत्र काढून समजा ६०० मीटर, १० मिनिटं. वाचली ७० मिनिटं, आणि वाटणी मात्र तीच साडेनऊ. तिथे मजकुरातला दावा खरा ठरतो, निम्म्याहूनही चांगला ठरतो. आमच्याकडे ठरत नाही, कारण आमच्याकडे वाचवायला तेवढं चालणंच नाही. माझी सगळी आकडेमोड नाही पटली तर नको पटू दे. स्वतःच्या गोदामात घड्याळ लावा, चालण्याचा आणि वाटणीचा वेळ वेगवेगळा लिहा, आणि मग ठरवा.

यातून सुटका झाली ती वाटणी टेबलावरून गाडीवर आणल्याने. माल उचलतानाच ज्या त्या ऑर्डरीच्या खणात टाकायचा. ढीग होतच नाही, त्यामुळे नंतर शोधाशोधही नाही. नगामागे ४ सेकंद लागले तर ४८ नगांना तीन मिनिटांच्या आसपास. खण म्हणून आम्ही आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट वापरतो. एरवी जून ते फेब्रुवारी ते पडवीत उपडे पडून कोळ्यांना आसरा देत असतात. गाडीवर सहा बसतात, दोन थरांत. प्रत्येकाला मोठा आकडा रंगवलाय. एकूण खर्च गाडीची चाकं बदलण्याचा.

"बॅच जितकी मोठी तितका फायदा." हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. मी एकदा चाळीस ऑर्डरींची फेरी काढायला लावली. पॅकिंगच्या टेबलावरच्या दोघी तेवढा वेळ हात बांधून बसल्या, कारण फेरी परतल्याशिवाय भरायला काहीच नव्हतं. मग चाळीस ऑर्डरी एकदम टेबलावर आदळल्या आणि कुरिअरची गाडी दारात. पावसाळ्यात तर आणखी मजा. घाटात दरड आली की गाडी आज लवकर येईल, उशिरा येईल की येणारच नाही, याचा नेम नसतो. अशा दिवशी सहा-सहाच्या फेऱ्या असल्या तर निदान आटोपलेल्या फेऱ्यांतली खोकी बंद होऊन तयार असतात. चाळिसाची फेरी अर्धवट राहिली तर एकही खोकं तयार नसतं.

वजनाचाही भाग आहे. कोकम सरबत साखरेच्या पाकातलं, पाण्याहून जड. लिटरची बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. दहा-बारा ऑर्डरींत प्रत्येकी दोन बाटल्या निघाल्या की तीसेक किलो नुसतं सरबत. त्यावर आंबापोळी आधीच ठेवली गेली असेल तर तिची चटणी होते. म्हणून आमची फेरी बाटल्यांपासून सुरू होते आणि पोळ्यांवर संपते, मग वाट थोडी लांब पडली तरी चालेल.

आणि कुठल्या ऑर्डरी कुणाबरोबर काढायच्या हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ठरलेल्या वस्तूंसाठी सरळ रांगांच्या गोदामात सर्वांत जवळची वाट कुठली, याचं चटकन सुटणारं गणित रॅटलिफ आणि रोझेन्थाल या संशोधकांनी १९८३ मध्येच मांडलं. पण ऑर्डरींचे गट पाडणं हे प्रकरण वेगळं. गाडेमान आणि व्हॅन दे व्हेल्डे यांनी २००५ मध्ये दाखवलं की एका गटात जास्तीत जास्त दोनच ऑर्डरी घ्यायच्या असतील तर सर्वोत्तम जोड्या वाजवी वेळात शोधता येतात. दोनाच्या पुढे गेलं की खात्रीने सर्वोत्तम उत्तर काढण्याचा जलद मार्ग ज्ञात नाही. सॉफ्टवेअर मग अंदाजाने बरं उत्तर देतं. आमचा अंदाज याहून साधा: ज्या ऑर्डरीला सर्वांत लांबच्या रॅकपर्यंत जावं लागतं ती आधी घ्यायची, आणि तिच्याच वाटेवरच्या पाच तिला जोडायच्या. हे काम ताई कागदावर पेन्सिलीने करतात.

"चुका आपोआप कमी होतात." आपोआप तर मुळीच नाही. एकेक ऑर्डर काढताना चुकलं तर एका गिऱ्हाइकाला चुकीची वस्तू जाते. फेरीत खण चुकला तर दोघांचं बिघडतं: याचं त्याला आणि त्याचं याला. परतीचे दोन कुरिअर, माफीचे दोन फोन. आमच्या मालात तर सापळेच आहेत. आगळ आणि सरबत एकाच आकाराच्या बाटल्यांत, दोन्ही गडद लाल. नव्याने आलेली मुलगी बाटली उजेडात धरून म्हणाली, "वैनी, ह्यां आगळ की सरबत? माका सगळां तांबडांच दिसता." आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा रस. तो सरबत समजून थंड पाण्यात ओतून पाहुण्यांना दिलात की पाहुणे परत येत नाहीत. आमचं असं एक गिऱ्हाईक गेलंच.

काजूचंही तसंच. डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० या आकड्यांचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. पाकीटबंद झाल्यावर हा फरक रोज हाताळणाऱ्यालाच दिसतो, घाईच्या फेरीत त्यालाही नाही. आम्ही दोन्ही ग्रेड एकमेकांपासून लांबच्या रॅकवर हलवले आणि आगळाच्या झाकणांना पिवळी पट्टी लावली. स्कॅनरचं म्हणाल तर तो कामाला येतो, पण वस्तूबरोबर खणही स्कॅन केला तरच. नुसतं पाकीट स्कॅन करून ते भलत्या क्रेटमध्ये टाकलं तर यंत्राला ते कळणार कसं? आणि आमच्याकडे वीज गेली की वायफाय जातं, वायफाय गेलं की स्कॅनर गप्प. म्हणून प्रत्येक क्रेटला छापील चिठ्ठी असतेच. त्यातही साध्या थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाच्या झळीने काळवंडतात, म्हणून छपाई शाईची.

बॅच नंबरचा मुद्दा इथे परत येतो. एकाच फेरीत एकाच मसाल्याची दोन वेगळ्या घाण्यांतली पाकिटं आली तर कुठलं कुणाला गेलं याची नोंद राहायला हवी. उद्या एखाद्या घाण्यात खोट निघून माल परत मागवावा लागला तर "त्या आठवड्यात पाठवलेल्या सगळ्यांना" फोन करत बसायचं का? फेरीत हे विसरायला फार सोपं असतं. आम्ही जुना घाणा संपेपर्यंत नवीन रॅकच्या पुढच्या खणात मांडतच नाही.

"अपवाद न करता सगळ्या ऑर्डरी बॅचमध्येच." उलट फेरी लावण्यातली अर्धी अक्कल अपवादांत आहे. ज्या ऑर्डरीत एकच वस्तू असते, नुसतं अर्धा किलो काजू किंवा नुसती दोन पाकिटं मसाला, तिथे वाटणीच नाही. चाळीस काय, शंभर एकत्र काढा. टेबलावर त्या वस्तूचं कुठलंही पाकीट ती मागवणाऱ्या कुणाच्याही खोक्यात घातलं तरी बरोबरच. मजकुरातला "मोठी तितकी चांगली" हा सल्ला फक्त इथे लागू पडतो, आणि नेमकं हेच त्यात लिहिलेलं नाही.

सुकी मासळी मात्र कुठल्याच फेरीत नाही. जवळा आणि सुके बोंबील ज्या क्रेटमधून गेले, त्या क्रेटला आठवडाभर तोच वास. त्यात मग कुणाच्या उपासाचं वऱ्याचं पीठ ठेवायचं? मासळीचा रॅक वेगळा, गाडी वेगळी, आणि शक्यतो ते काम दिवसाच्या शेवटी.

हापूसचीही गोष्ट वेगळीच. पेटी म्हणजे एकाच नगाची ऑर्डर, पण नग एकसारखे नाहीत. पाच डझनांच्या दोन पेट्यांपैकी एक चार दिवसांत पिकेल, दुसरी आठ. पुण्याला उद्या पोचणारी आणि नागपूरला तीन दिवसांनी पोचणारी पेटी वेगवेगळ्या टप्प्यातली द्यावी लागते. ते बघणारा माणूस पेटी उघडतो, हात फिरवतो, वास घेतो आणि ठरवतो. त्याला फेरीत बसवण्यात काही अर्थ नाही.

"मांडणी बदलायची गरज नाही." सॉफ्टवेअर वाट आखतं ती रॅकच्या पत्त्यावरून. आमच्या रॅकना पत्तेच नव्हते. "खिडकीकडच्या कोपऱ्यात, वरती" हा पत्ता ताईंना कळतो, संगणकाला नाही. प्रत्येक खणाला क्रमांक देणं, ते रंगवणं आणि माल त्याच खणात जातोय याची सवय लागणं, यात गणपतीआधीचा सबंध महिना गेला. मग लक्षात आलं की रोज लागणारं कोकम सर्वांत आत आणि महिन्यातून एकदा जाणारं नाचणीचं सत्त्व दारात. नुसती ही अदलाबदल केल्यावर फेरी न लावताही चालणं कमी झालं. खरं तर हेच आधी करायला हवं होतं.

"एका दिवसात सुरू." पत्ते नसताना मी सुरू केलं होतं तेही एका दिवसातच. बंद करायलाही एकच दिवस लागला. दुसऱ्यांदा सुरुवात केली ती फक्त एका वस्तूच्या ऑर्डरींपासून. दोन आठवडे तेवढंच. मग दोन क्रेटची गाडी, मग चारची, मग सहाची. आठचा प्रयत्न केला, पण आमच्या रांगांमधून गाडी वळेना. मार्च लागला की क्रेट आंब्याला परत द्यावे लागतात. यंदा त्यांच्याऐवजी काय वापरायचं ते अजून ठरायचंय. सध्या नजर दिरांच्या मासळीच्या टपांवर आहे, पण वर लिहिलेल्या कारणासाठी ताईंनी त्याला आत्ताच नाक मुरडलंय.