‘पाच अँपियर मागितले, दोन गळ्यात मारले’ – या रिव्ह्यूला आमच्या मॉडेल रेल्वेच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार. दोन तारे दिलेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आपला रिव्ह्यू वाचून एखादा नवा माणूस नको तो कंट्रोल बॉक्स घेऊन बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या तक्रारी अशा: पाच अँपियरची डीसीसी सिस्टिम (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी यंत्रणा) मागितली, आम्ही दोनची दिली. आता गाडी लूपमधून फिरून आली की सगळं बंद पडतं. वडिलांचं जुनं इंजिन रुळावर उभ्या उभ्या गुणगुणतं. आणि खरेदीआधी ‘मुलाखत’ द्यावी लागली.

मुलाखत आम्ही घेतोच. स्केल कोणतं, एका वेळी गाड्या किती, चालवणारे किती, आणि मित्रांकडे कोणती सिस्टिम आहे. हा शेवटचा प्रश्न आपल्याला फालतू वाटला, पण खरी निवड तिथेच होते. डीकोडर, म्हणजे इंजिनात बसणारी आणि ते हुकूम समजणारी चिप, कुठल्याही कंपनीचा घ्या, चालतो. लेन्झ या जर्मन कंपनीच्या तंत्रावर अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेने मानक बांधून दिलंय. हातातला कंट्रोलर मात्र तसा नाही. प्रत्येक कंपनीचं नेटवर्क वेगळं: डिजिट्रॅक्सचं लोकोनेट, लेन्झचं एक्सप्रेसनेट, एनसीईचा कारभार तिसराच. रविवारी आपल्याकडे येणारे दोघे ज्या नेटवर्कचे कंट्रोलर घेऊन येतात, तेच आपल्याला दिलं. अँपियर कमी पडले तर पुढे बूस्टर (जादा करंट देणारा बॉक्स) जोडता येतो. नेटवर्क चुकलं तर सगळंच विकायला काढावं लागतं.

आणि अँपियर कमी पडतच नाहीयेत. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आलं की प्रत्येकाला मोठा बॉक्स हवासा वाटतो, हे आम्ही नेहमी बघतो. आपला लेआउट आठ बाय चारच्या प्लायवर, एचओमध्ये (१:८७ स्केल), गाड्या तीन. आजचं एचओ इंजिन चालताना साधारण अर्ध्या अँपियरच्या आतच घेतं, साउंड धरूनही.

लूपमध्ये जे होतं तो शॉर्ट आहे. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळतो, तेव्हा डावा रूळ उजव्याला भिडतो. तिथे पन्नास अँपियरचा बॉक्स लावला तरी तो ट्रिपच होणार, आणि व्हायलाच हवा. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लॅस्टिकचे जॉइनर घाला, मधल्या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर (त्या तुकड्याची डावी-उजवी जोडणी आपोआप उलटवणारं उपकरण) लावा. तुकडा गाडीपेक्षा लांब ठेवा, नाहीतर इंजिन एका कापावर आणि शेवटचा डबा दुसऱ्या कापावर, असं होऊन पुन्हा तेच.

आपण टाकलेल्या फोटोत प्लायखाली टेलिफोनची वायर दिसते. ती आधी काढा. तापकीर गल्लीत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मिळते, तिची बस (प्लायखालून फिरणारी मुख्य वायर) टाका आणि तीन-चार फुटांवर फीडर (बसपासून रुळाला जाणारी छोटी वायर) द्या. मग रुपयाचं नाणं रुळांवर आडवं ठेवत लेआउटभर फिरा. प्रत्येक जागी बॉक्सने तत्काळ सप्लाय तोडला पाहिजे. आजच्या वायरीवर पाच अँपियरचा बॉक्स असता, तर लांबच्या टोकाला शॉर्ट झालेला त्याला कदाचित कळलाही नसता, आणि तेवढा करंट चाकांतून, त्यांच्याकडून वीज घेणाऱ्या पिकअपमधून वाहत राहिला असता. मोठा बॉक्स न देण्याचं कारण हेच होतं, आणि ते काउंटरवर सांगितलंही होतं.

वडिलांच्या इंजिनात डीकोडर नाही. डीसीसीच्या रुळावर गाडी उभी असतानाही पूर्ण व्होल्टेज असतं, दिशा सतत उलटसुलट होणारं. त्याने मोटर गुणगुणते आणि तापते. कृपया ते आजच रुळावरून उचलून ठेवा. डीकोडर बसवता येईल, पण जुन्या मोटरचा ब्रश बहुधा चेसिसला टेकलेला असतो, तो आधी वेगळा करावा लागतो. घरी प्रयोग करू नका, इंजिन दुकानात आणा, उघडून बघू. बघण्याचे पैसे घेत नाही.

एवढं करूनही पाच अँपियरचाच हवा असेल तर त्याच नेटवर्कचा आहे आमच्याकडे. पावती आणा, फरक भरा, बदलून देतो. ऑटो-रिव्हर्सर त्यालाही लागेल.