डिफरन्शियलचा आवाज आणि १४० नंबरचं ऑइल: एक खुलासा

मार्केट यार्डातल्या पिकअपवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘मागून आवाज येतोय? डिफरन्शियलमध्ये १४० नंबरचं ऑइल ओता, आवाज गायब.’ डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांना इंजिनची ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, आणि १४० नंबर म्हणजे जाड गिअर ऑइल. आवाज थोडा दबतो, हे खरं. पण झिजलेलं बेअरिंग जाड ऑइलनं भरून येत नाही. झीज चालूच राहते, फक्त ऐकू येत नाही, आणि तेच महागात पडतं.

आधी आवाज नीट ऐका. कात्रजचा घाट चढताना रेस दिली की घूं घूं वाढतं आणि सोडली की सूर बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर (डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. वळणावर घरघर कमी-जास्त होत असेल तर आधी चाकाचं बेअरिंग बघा (याच्यापायी डिफरन्शियल उगाच उघडले जातात). गाडी जागेवरून निघताना ‘खट्’ वाजलं तर संशय प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यांवर.

मग डिफरन्शियलचा ड्रेन प्लग (ऑइल सोडायचा खालचा बोल्ट) काढा. त्याच्या लोहचुंबकावर राखाडी, मऊ लगदा असेल तर काळजी नाही. बोटाला टोचणारा चुरा किंवा दाताचा तुकडा निघाला, तर हौजिंग, म्हणजे डिफरन्शियलचं कवच, उघडायलाच हवं. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलतात. एकटा पिनियन ‘स्वस्तात’ टाकून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा.