लाल पान, निळं पान

नाशकात रस्ता चुकायलासुद्धा कष्ट पडतात. सराफ बाजारातल्या एखाद्या बोळाच्या तोंडाशी क्षणभर थबकलात, की समोरच्या पेढीवरून "कोणाकडे जायचंय?" येतंच. आपण तोंड उघडायच्या आत दुसरा माणूस वेगळाच रस्ता सांगतो आणि त्या दोघांचा वाद रंगेपर्यंत आपण पोचलेलो असतो. अशा गावात पंचेचाळीस वर्षं काढलेल्या माणसाने 'मिस्ट' खेळायला घेऊ नये.

भाचा सुट्टीत आला आणि लॅपटॉपवर भरून देऊन गेला. "मामा, १९९३चा गेम आहे, तुझ्याच जमान्यातला. मारामारी नाही, घड्याळ नाही, यात मरतसुद्धा नाही कोणी." मरण्याची सोय का ठेवली नाही, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मेल्यावर माणूस सुटतो.

खेळ सुरू होतो तो एका बेटाच्या धक्क्यावर. शेजारी बुडालेलं जहाज, टेकाडावर भलंमोठं दातेरी चाक आणि चिटपाखरू नाही. काय करायचं, कुठे जायचं, कशासाठी आलोय, काही कोणी सांगत नाही. मी आभाळावर क्लिक करून पाहिलं. झाडावर केलं. शेवटी हिरवळीवर एक चिठ्ठी सापडली, नवऱ्याने बायकोला लिहिलेली.

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये," आई मागून म्हणाली. ती जपमाळ ओढत होती, पण लक्ष सगळं स्क्रीनवर.

चिठ्ठीत होतं की बेटावरचे खटके मोज आणि तो आकडा यंत्रात घाल. मी मोजले, सात भरले. मोजण्यातला आमचा हा घोळ जुनाच आहे. पांडवलेणी चोवीस आहेत हे शाळेपासून पाठ, पण सहलीत मोजून ती कधी चोवीस भरली नाहीत. पुन्हा अख्खं बेट पालथं घातलं. आठवा खटका धक्क्यावरच होता, मी जिथे पहिल्यांदा डोळे उघडले तिथेच.

मग ग्रंथालय. तिथे दोन पुस्तकं, एक लाल आणि एक निळं, आणि प्रत्येकात एकेक भाऊ कोंडलेला. लालमध्ये सिरस, निळ्यात अकेनार. सुरुवातीला केबल गेल्यासारख्या नुसत्या मुंग्या दिसतात. पुस्तकाचं हरवलेलं पान आणून दिलं की चित्र जरा साफ होतं आणि भाऊ बोलायला लागतो. काय बोलतो? दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, बापाचं वाटोळं त्याने केलं, पानं मलाच दे. हा गेम रँड आणि रॉबिन मिलर या सख्ख्या भावांनी मिळून केलाय म्हणे. म्हणजे भाऊबंदकी तिकडेही आहे, फक्त ते लोक ती खपवतात. २००२पर्यंत कॉम्प्युटरवरचा सर्वांत जास्त खपलेला गेम हाच होता. आमच्याकडे वाड्याच्या वाटणीत नुसती कोर्ट फी गेली.

आता खरा जाच ऐका. पानं वेगवेगळ्या जगांत लपवलेली. प्रत्येक जगात एक लाल, एक निळं. आणि हातात एका वेळी एकच पान धरता येतं! मंडईतून दोन जुड्या एका हातात आणणाऱ्या माणसाला हा नियम. म्हणजे प्रत्येक जगाची वारी दोनदा.

एका जगात जहाज खडकात रुतलेलं आहे. तिथे तीन बटणं, एकेका बटणाने एकेका जागेचं पाणी उपसलं जातं. एक जागा कोरडी केली की दुसरी भरलेलीच. त्या रविवारी धरणातून पाणी सोडलेलं, अख्खं नाशिक गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पूर बघायला गेलेलं. तिथे पूर मोजायचा तो नदीतल्या मारुतीच्या मूर्तीवर. दर अर्ध्या तासाने बायकोचा फोन, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं... आता छातीला लागलं..." तिकडे पाणी चढत होतं, मी इकडे उतरवत होतो.

पण त्यानंतरचं ते भुयार! गाडीत बसून अंधारात जायचं, आणि वळायचं कुठे ते आवाजावरून ओळखायचं. चार दिशांचे चार आवाज मी आधीच्या जगात पाठ केले होते. उत्तरेचा 'टिंग' तर झोपेतही ऐकू यायचा. आणि मधेच एका फाट्यावर दोन आवाज एकदम आले. तासभर मी तिथेच. दोन्ही आवाज म्हणजे मधली दिशा, एवढी साधी गोष्ट, पण बनवणाऱ्यांच्या इंग्रजीत 'नॉर्थ-ईस्ट' या नावातच उत्तर आणि पूर्व दोन्ही बसलेल्या असतात. आपल्या ईशान्येत दोघींपैकी एक तरी आहे का? तिथे शंकर बसलाय. आग्नेयेत अग्नी.

"कुठे निघालास?" आईने विचारलं.

"ईशान्येला."

"मग चप्पल काढ. ईशान्येला देवघर असतं."

रात्री साडेनऊला लाल पान घेऊन मी भुयाराच्या बाहेर पडलो. सिरसच्या पुस्तकात ते घातलं, त्याने भावाला चार शिव्या मोजल्या, आणि तेव्हा उजेड पडला की निळं तिकडेच राहिलंय. म्हणजे पुन्हा तेच भुयार, तोच टिंग.

"अरे ऊठ," स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "पान वाढलंय, गार होतंय."

"कुठलं? लाल की निळं?"

आत क्षणभर शांतता.

"पिवळं," ती म्हणाली. "पिठलं आहे."