घरबसल्या लिहिणाऱ्याचं उत्तर

‘मुसाफिर’ या नावाने लिहिणारे महोदय,

बोस्निया आणि लेबनॉनवरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत, त्याकडे मी काणाडोळा करणार होतो. पण दोन-तीन नेहमीच्या वाचकांनी “यावर काय म्हणता?” असं विचारलं, म्हणून हा खटाटोप.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लेखातलं माझं म्हणणं असं होतं की जमातींमध्ये सत्ता वाटून देणारे तह बंदुका थांबवतात, पण पुढे त्या-त्या जमातीच्या पुढाऱ्यांना जन्मभराचं वतन लावून देतात. उदाहरणं दोन : बोस्नियातलं बोस्नियाक (मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब यांच्यातलं युद्ध थांबवणारा १९९५ चा डेटन करार, आणि लेबनॉनमधलं यादवी युद्ध मिटवणारा १९८९ चा तैफ करार. त्यावर मुसाफिर लिहितात : “मी साराजेवोत राहून आलोय. ज्याने हे देश डोळ्यांनी पाहिले नाहीत, त्याने घरबसल्या, नकाशावर बोट ठेवून, तिथल्या लोकांनी केलेल्या तडजोडीला नावं ठेवू नयेत. डेटन झालं नसतं तर आणखी किती माणसं मेली असती? पर्याय काय, तेही सांगा. आणि सह्या डेटनला नाही, पॅरिसला झाल्या.” वर एक डोळा मारणारा चेहरा.

आधी शेवटचं. हो, मसुदा ठरला तो ओहायोतल्या डेटनजवळ, नोव्हेंबर १९९५ मध्ये, आणि रीतसर सह्या झाल्या १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये. सगळं जग त्याला डेटनचा करार म्हणतं, मीही म्हणालो. तरी आपला मुद्दा बरोबर, घ्या.

आता ‘घरबसल्या’. टीकेचं मला वावडं नाही, हे इथले जुने वाचक सांगतील. पण हा शब्द ज्या तोऱ्यात फेकलाय, त्याचा समाचार घ्यायलाच हवा. मी उमेदीची वर्षं एका दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या टेबलावर काढली आहेत, बहुतेक रात्रपाळीला. बोस्नियाच्या राजधानीला, साराजेवोला, वेढा पडला तेव्हा त्याच्या बातम्या माझ्या हाताखालून जात होत्या. जुलै १९९५ मध्ये पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा त्या आतल्या पानावर ढकलू नका म्हणून मी वरिष्ठांशी वाद घातला आणि हरलो. आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे तिथे सर्ब फौजांकडून मारले गेले, हे पुढे सिद्ध झालं. तेव्हा आपण काय करत होतात ते मला माहीत नाही, विचारतही नाही. पण ज्याने त्या बातम्या पाळी संपेपर्यंत वाचल्या आणि मग झोप आली नाही, त्याला ‘नकाशावर बोट ठेवून लिहिणारा’ म्हणायच्या आधी माणसाने जरा थांबावं.

आणि आपलाच निकष लावायचा तर पूर्ण लावू. “तिथल्या लोकांनी केलेली तडजोड” म्हणता, ती केली कुणी? अमेरिकी हवाई दलाच्या तळावर, बोस्नियापासून हजारो किलोमीटरवर, बोस्नियाचे इझेतबेगोविच, क्रोएशियाचे तुज्मान आणि सर्बियाचे मिलोशेविच यांना बसवून ती करवून घेतली. यातले दोघे शेजारच्या देशांचे राष्ट्राध्यक्ष. बोस्नियातल्या सर्बांच्या वतीने बोलला तो बेलग्रेडचा मिलोशेविच. देशाची राज्यघटना त्या कराराचं चौथं परिशिष्ट म्हणून आली, तिच्यावर लोकांचं मत कधी घेतलंच नाही. म्हणजे घरबसल्या नाही, पण परक्याच्या घरी बसून. लेबनॉनचंही तेच. १९८९ चा तोडगा सौदी अरेबियातल्या तैफ शहरात निघाला, आणि तो काढणारे खासदार १९७२ साली निवडून आलेले! मधे पंधरा वर्षांचं यादवी युद्ध सुरू होतं, निवडणूक झालीच नव्हती.

बरं, तिथेच जन्मलेल्या, तिथेच राहणाऱ्या माणसांचं ऐकायचं म्हणता? ऐकू. देर्वो सेज्दिच हे रोमा जमातीचे, याकोब फिंची हे ज्यू. दोघेही बोस्नियाचे नागरिक. पण राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलेलं : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. चौथ्याला उमेदवारीच नाही. दोघे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ ला जिंकले. घटना अजून बदललेली नाही, कारण बदलायला ज्यांची मतं लागतात, त्यांचीच पदं त्या वाटणीवर उभी आहेत. माझ्या लेखाचा गाभा हाच होता. आपण तिथपर्यंत वाचलंत की शीर्षकावरच थांबलात?

लेबनॉनला आपण हातच लावला नाहीत, म्हणून मीही लांबण लावत नाही. १९३२ नंतर अधिकृत जनगणना नाही, कारण खरे आकडे आले तर वाटणी मोडेल. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. ऑक्टोबर २०२२ अखेरपासून जानेवारी २०२५ पर्यंत राष्ट्राध्यक्षांची खुर्ची रिकामी. पंथनिहाय राजकारण हळूहळू संपवू, असं तैफमध्येच लिहिलं होतं. ते कागदावरच आहे.

डेटन नसतं तर किती मेले असते? हा जर-तरचा प्रश्न आहे, आणि असल्या प्रश्नांवर मी वेळ घालवत नाही. तह बंदुका थांबवतात, हे मी त्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. पर्यायांबद्दल सवडीने स्वतंत्र लेख लिहीन. एका प्रतिक्रियेच्या फर्माइशीवरून नाही.

तुम्ही (आता ‘आपण’ पुरे) म्हणता की तुम्ही साराजेवोत राहून आलात. छान. कुठल्या शाळेत डोकावलात का? मध्य बोस्निया आणि हर्जेगोविनातल्या काही गावांत एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, बोस्नियाक मुलांची वेगळी, क्रोएट मुलांची वेगळी, अभ्यासक्रमही वेगळा. यायत्से गावात एकत्र शिकणाऱ्या मुलांना असंच वेगळं करायचा घाट घातला गेला. २०१६-१७ मध्ये ती मुलंच रस्त्यावर उतरली आणि तो बेत त्यांनी हाणून पाडला. तिथल्या तडजोडीला नावं ठेवली म्हणून त्यांनाही तुम्ही हेच ऐकवणार का? ती तर त्याच गावची.

यापुढे टोपणनावाने आलेल्या प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही. तुमची आहे ती राहू द्या. उत्तर द्यायचं असेल तर खऱ्या नावाने द्या, आणि लेबनॉनवरही काहीतरी लिहा.