३११ नॅनोमीटर आणि एक चड्डी

आमच्या घरी सध्या माझी एक चड्डी सोवळ्यासारखी वेगळी वाळत असते. निळी, गुडघ्याच्या वीतभर वर संपणारी, डाव्या बाजूला शिवण उसवू पाहणारी. तिला मशीन लावायचं नाही, तिचं पोतेरं करायचं नाही, तिच्याकडे बघून नाक मुरडायचं नाही. बायको हे सगळं पाळते, पण मनापासून नाही.

कोपरं, गुडघे आणि पाठ एवढ्या मुलुखावर गेली नऊ वर्षं सोरायसिसचं राज्य आहे. कातडीच्या पेशींनी खालून वर यायला साधारण महिना घ्यावा अशी रीत. माझ्या पेशी चार-पाच दिवसांत वर येऊन धडकतात, आल्यावर करायला काही नसतं म्हणून खपल्या धरतात, आणि मग माझ्या काळ्या शर्टावर तांदळाची पिठी सांडते. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलतो म्हणे. तरी लग्नाच्या पंगतीत शेजारचा "गजकर्ण का हो?" म्हणत ताटासकट सरकतोच.

मावशीचं म्हणणं एकच. "बावचीचं तेल लाव आणि उन्हात बस." मी हसायचो. मग डॉक्टरांकडून कळलं की बावचीत सोरालेन नावाचं, कातडीला प्रकाश जास्त लागावा असं करणारं द्रव्य असतं, आणि सोरालेनची गोळी देऊन वर अतिनील प्रकाश द्यायचा 'पुवा' नावाचा उपचार १९७४ पासून मोठ्या इतमामाने चाललाय. अर्थात घरीच तेल चोपडून उन्हात बसलेल्यांचे फोडही डॉक्टरांनी पाहिलेत. यातला पहिला भाग मी अजून मावशीला सांगितलेला नाही.

मला गोळीविना चालणारा प्रकार सुचवला गेला, नॅरोबँड यूव्हीबी. सगळ्या उन्हातून निवडून काढलेला, ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा तेवढाच अतिनील प्रकाश. आठवड्यातून तीनदा, एकूण पंचवीस-तीस सिटिंग.

मशीन म्हणजे उभं कपाट. आत चारी बाजूंनी माणसाच्या उंचीच्या नळ्या. तुम्ही चड्डीवर, डोळ्यांना पोहण्याच्या चष्म्यासारखा काळा चष्मा, हात किंचित वर. दार बंद होतं, पंखा घरघरायला लागतो, नळ्या एकदम जांभळ्या पेटतात, आणि फ्रीजमधल्या दुधीभोपळ्याला काय वाटत असेल ते कळतं. पहिल्या दिवशी मी देवाचं नाव घेऊन अथर्वशीर्ष म्हणायला घेतलं. "त्वमेव केवलं कर्तासि"पर्यंत पोचतोय तोच टक्‌ करून अंधार झाला.

"झालं काका, या बाहेर."

अडतीस सेकंद! रिक्षाने यायला चाळीस मिनिटं, बसायला पाऊण तास, कपडे काढून घडी घालायला सहा मिनिटं, आणि ऊन अडतीस सेकंद. त्यातून बाहेर एप्रिलचं पुणं. सगळं शहर टोप्या, स्कार्फ आणि गॉगल घालून सूर्यापासून तोंड लपवत पळतंय, आणि मी पैसे मोजून त्यातला चिमूटभर विकत घेतोय.

डोस मात्र दर वेळी दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतो. अशी वाढ मला ऑफिसात कधी मिळाली नाही. मध्ये फार दिवस बुडवले तर डोस मागे. मे महिन्यात साडूच्या मुलीचं लग्न उरकून परतलो तर अडीच मिनिटांवरून सरळ खाली. सापशिडीच ती. तरी पाठ हळूहळू उघडी पडली, खपल्या पातळ झाल्या. मात्र मी सगळाच्या सगळा सावळ्याचा काळा झालो, आणि पंगतीत सरकणारा तोच माणूस आता "गोव्याला जाऊन आलात वाटतं" म्हणायला लागला.

आणि मग जुलै आला. पुण्यात सलग आठ दिवस पाऊस, घरभर दोऱ्या आणि एकही कपडा कोरडा नाही. निळी चड्डी ओली. बायकोने कपाटातून दुसरी काढून दिली. चांगली, नवी, फक्त चार बोटं आखूड. मी तीन मिनिटं दहा सेकंद उभा राहिलो, अथर्वशीर्षाची फलश्रुती गाठली, आनंदाने घरी आलो.

रात्री मांड्यांना ऊब जाणवली. सकाळी उठलो तर दोन्ही मांड्यांवर चार बोटं रुंदीचा लालबुंद काठ, पैठणीला असतो तसा. बाकीची कातडी तीन महिने थोडी-थोडी वाढत या डोसला पोचली होती. त्या चार बोटांनी तोवर कधी सूर्यच पाहिला नव्हता. त्यांना पहिल्याच दिवशी तीन मिनिटं दहा सेकंद. प्रकाशाच्या उपचाराला १९०३ साली नोबेल मिळालंय, डेन्मार्कच्या फिन्सेनना. पण त्यांचे त्वचेच्या क्षयाचे रोगी बहुतेक तोंडावर प्रकाश घेणारे, म्हणजे चड्डीचा प्रश्न तेव्हाच निकालात निघायचा राहून गेला.

दोन दिवस मी ऑफिसात खुर्चीच्या कडेवर, आताच उठणार असल्यासारखा बसलो. साहेबांना वाटलं, मला काम करायची घाई आहे.

डॉक्टर हसले नाहीत. डोस थांबवला, मलम दिलं आणि फाइलवर लाल शाईने लिहिलं, 'प्रत्येक वेळी तीच चड्डी'. तेव्हापासून तिचा हा मान. बदलायची सोय नाही, फाटायची तर नाहीच; भोक पडलं तर तिथे रुपयाएवढी लाल टिकली उमटेल. बायकोने परवा तिची उसवलेली शिवण दुहेरी घालून दिली, आणि शिवताना मधूनच माझ्याकडे अशी पाहत होती की मी पेपर वर धरला.

आणि आता दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी भरल्या वेटिंग रूममध्ये, पंधरा-वीस माणसं मोबाइलात तोंड खुपसून बसलेली असताना, आतल्या दारातून सिस्टरचा खणखणीत आवाज येतो.

"काका, तीच ना?"

पंधरा-वीस माना वर होतात.

"तीच," मी म्हणतो, आणि पिशवी घेऊन आत जातो.