टेबल नंबर नऊ

वेटर माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. खिशाला पेन होतं, कान शाबूत दिसत होते. मी म्हणालो, "दोन सूप." तो अदबीने म्हणाला, "सर, स्कॅन करून टाका ना ऑर्डर."

टेबलाच्या कोपऱ्यात क्यूआर कोडचं स्टिकर होतं. होतं म्हणजे, एके काळी असावं. रोज फडका मारून मारून त्याचा एक अख्खा कोपरा पुसला गेला होता. मी फोन वर नेला, खाली आणला, तिरका धरला, शेवटी आरती ओवाळल्यासारखा गोल फिरवला. काही नाही.

हा कोड जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये काढला तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. कारखान्यात तेल-काजळी लागणारच, म्हणून तो जास्तीत जास्त सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता यावा, अशी सोय त्यात आहे. आमचं स्टिकर एकतिसाव्या टक्क्यात गेलं असावं. मोटारीच्या कारखान्याने फडक्याचा विचार केला नव्हता.

"शेजारच्या टेबलाचं करा सर, सगळी सारखीच," वेटर म्हणाला. शेजारचं टेबल रिकामं होतं. केलं.

मेनू उघडेल असं वाटलं, तर 'आधी अ‍ॅप घ्या.' फोनमध्ये जागा नव्हती. भाच्याच्या मुंजीचे चाळीस फोटो उडवले, तेव्हा अ‍ॅप बसलं. बसल्या बसल्या त्याने विचारलं, तुमचं लोकेशन बघू का? मी त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो. मग पासवर्ड हवा: आठ अक्षरं, त्यात एक आकडा, एक चिन्ह. मग जन्मतारीख. सालांचं चाक चालू वर्षावर उभं होतं आणि मला बरंच मागे जायचं होतं. बोटाने ढकलत ढकलत नोकरी, लग्न, दहावी असं सगळं मागे टाकलं, आणि जरा जोर जास्त लागला म्हणून जन्माच्याही पलीकडे, माझ्या आजोबांच्या काळात जाऊन पोचलो.

"अहो, त्यालाच सांगा ना," बायको म्हणाली. वेटर अजून तिथेच उभा होता. खांद्यावरून माझ्या फोनमध्ये डोकावत तो मनापासून मदत करत होता: "खाली सर... अजून खाली... हां, ते हिरवं."

हिरवं म्हणजे 'हो, मला सगळ्या ऑफर्स पाठवा.' 'नको' त्याच्या खाली होतं, पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीच्या अक्षरात. असल्या लबाडीला डार्क पॅटर्न म्हणतात. हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये दिलं. बायकोने दिलेलं नाव जास्त नेमकं होतं, पण ते इथे छापता येणार नाही.

ओटीपी दोनदा मागवला, दुसरा मागवल्यावर पहिला आला. असो. ऑर्डर गेली.

बऱ्याच वेळाने तोच वेटर ट्रे घेऊन आला, आमच्याकडे बघून हसला आणि पुढे गेला. दोन्ही सूप त्याने शेजारच्या रिकाम्या टेबलावर मांडली.

"अहो, ती आमची आहेत!"

"ही नऊची ऑर्डर आहे, सर. तुम्ही आठवर आहात."

"तुम्हीच सांगितलंत ना, तिथलं स्कॅन करा?"

"हो ना," तो हळहळून म्हणाला, "पण सिस्टीममध्ये नऊ पडलंय. आता नाही बदलता येत."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तोवर बायको पर्स उचलून नऊवर जाऊन बसलीसुद्धा होती. मीही गेलो. बसल्यावर लक्षात आलं, चमचे आठवरच राहिलेत. ते आणायला उठलो तर फोन वाजला. 'सेवा कशी वाटली?' खाली पाच तारे.

सेवा मीच केली होती. मी चार दिले. चमच्यांचा एक कापला.